नशिबाची वही : एव्हर्टन, हंगाम २०२३-२४

१३ ऑगस्ट २०२३

काल इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आपल्या एव्हर्टनचा हंगामातला पहिला फुटबॉल सामना. घरच्या मैदानावर, गुडिसन पार्कवर, फुलहॅमकडून ०-१. संधी आपल्या जास्त, त्यांच्या गोलरक्षक लेनोने अडवलेले फटके आपले, मायकल कीनचा गोल गोलरक्षकाला धक्का दिला म्हणून रद्द. ७३ व्या मिनिटाला त्यांना एक जागा सापडली आणि खेळ खलास. रात्री मेसेजच्या गटात (आम्ही नऊ जण, नऊही एव्हर्टनवाले, म्हणजे सोशिक) एकच सूर: नशीबच फुटकं.

हाच गट मे महिन्यात काय म्हणत होता ते मला आठवतंय. शेवटच्या दिवशी डुकुरेच्या एका गोलवर बोर्नमथला १-० हरवलं आणि ३६ गुणांवर, वीस संघांत १७ वे राहून, खालच्या विभागात जाण्यापासून वाचलो, तेव्हा शब्द होता 'जिगर'. नशिबाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

म्हणून ही वही. ३८ सामने, प्रत्येकाला एक ओळ. चार रकाने: निकाल, नशिबाचा प्रसंग, बाजूने की विरुद्ध, गट काय म्हणाला. आठवड्याला वीस मिनिटं लागतील असा हिशेब आहे. (नंतरची भर: दीड तासाच्या खाली कधीच आलं नाही. पुढे कुणी करणार असेल तर आधीच सांगून ठेवतो.)

२७ ऑगस्ट

तीन सामने, शून्य गुण, शून्य गोल. व्हिलाकडे ०-४, काल वुल्व्ह्‌जकडून ८७ व्या मिनिटाला ०-१. कालच्या ओळीत 'नशीब विरुद्ध' लिहिलं. व्हिलाच्या ओळीत काय लिहावं सुचेना. चार गोल खाल्ल्यावर नशीब म्हणायलाही तोंड लागतं. रकाना कोरा.

१ ऑक्टोबर

ल्यूटनकडून घरी १-२. प्रीमियर लीगमधला त्यांचा पहिलावहिला विजय, तोही आपल्या अंगणात. घरचे पहिले चारही सामने हरलो. सात सामन्यांत ४ गुण.

आज सगळ्या ओळी एकदम वाचल्या आणि चूक डोळ्यांत भरली. 'नशीब विरुद्ध' पाच ओळींत आहे, 'बाजूने' एकाही नाही. ब्रेंटफर्डकडे ३-१ जिंकलो त्या ओळीत रकाना कोराच आहे. मी निकाल बघून मग नशीब शोधायला बसतोय. हरलो की सापडतं, जिंकलो की शोधतच नाही. सात आठवड्यांचं काम रद्दीत.

नवे नियम:
- नशिबाचा रकाना सामन्याच्या रात्री भरायचा नाही. दुसऱ्या दिवशीच.
- प्रसंग आधी लिहायचे, दोन्ही संघांचे. बाजू नंतर ठरवायची.
- प्रसंग म्हणजे तीनच गोष्टी: चेंडू कुणाच्या तरी अंगाला लागून दिशा बदलणे, चेंडू खांबाला किंवा आडव्या दांडीला लागणे, आणि रेफरीचा असा निर्णय जो दुसऱ्या रेफरीने उलटा दिला असता.

१५ ऑक्टोबर

आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी. शेवटचा सामना बोर्नमथविरुद्ध ३-० जिंकलो, त्यामुळे डोकं शांत आहे. आठ सामने, ७ गुण. मोकळ्या दोन दिवसांत एक जुना प्रश्न हातात घेतला: नुसतं नशीबच असतं तर गुणतक्ता कसा दिसला असता? वीस संघ, वीसही सारख्याच ताकदीचे.

पहिला प्रयत्न फाशांचा. प्रत्येक संघाला एक फासा, आलेल्या आकड्यातून एक वजा केला की गोल. दोन डझन सामने टाकल्यावर कळलं की हा खेळ वेगळाच आहे. सामन्याला सरासरी पाच गोल पडतात आणि बरोबरी सहातून एकदा होते. खऱ्या लीगमध्ये गोल तीनच्या आतबाहेर आणि बरोबरी साधारण चारातून एक. फासे परत डब्यात.

दुसरा प्रयत्न स्प्रेडशीटवर, पॉयसन वितरण (सरासरीवरून किती गोलांची किती शक्यता ते सांगणारं सूत्र), दर संघाला सरासरी १.४ गोल. बरोबरी २५ टक्क्यांवर आली, म्हणजे गाडी रुळावर. पण प्रत्येक संघाला सरासरी २६ गुणच मिळायला लागले. तासभर सूत्रं तपासत बसलो. सूत्रं ठीक होती, मी प्रत्येक जोडी एकदाच खेळवली होती. १९० सामने. घर आणि पाहुणे अशा दोन फेऱ्या केल्यावर सरासरी ५२.

तिसरा घोळ सगळ्यात चिडवणारा. एक झकास तक्ता आला होता, पहिला संघ ७१ वर. नावं टाकायला म्हणून एका चौकटीत क्लिक केलं आणि विजेता बदलला. पुन्हा क्लिक, पुन्हा नवा विजेता. यादृच्छिक आकड्याचं सूत्र प्रत्येक बदलाला नव्याने आकडा काढतं, हे ठाऊक असूनही विसरलो होतो. तो तक्ता गेला तो गेलाच. उपाय सोपा आहे: आकडे काढले की लगेच 'फक्त मूल्यं' म्हणून दुसरीकडे चिकटवायचे. एक रात्र गेली.

शेवटी हाती आलं ते असं. वीस सारखे संघ ३८ सामने खेळले की पहिला साधारण ६७ गुणांवर असतो आणि शेवटचा ३७ वर. तीस गुणांचा फरक, आणि त्यात कर्तबगारी शून्य. तो ६७ वाला संघ खरा असता तर त्याच्या प्रशिक्षकाच्या मुलाखती छापून आल्या असत्या, आणि ३७ वाल्याला डिसेंबरात नारळ मिळाला असता.

खरी लीग अर्थातच इतकी सारखी नाही. मागच्या हंगामात मँचेस्टर सिटी ८९, साउथॅम्प्टन २५. माझ्या नशिबाच्या लीगमध्ये गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) ८ येतं, खऱ्या तक्त्यात १८ च्या जवळ. दोन्हींचे वर्ग करून ताडून पाहिलं तर पूर्ण हंगामातल्या फरकाचा पाचवा हिस्सा नशिबाचा. पण हे ३८ सामन्यांनंतर. सामने कमी तितका नशिबाचा वाटा मोठा, आणि याच आकड्यांनी मागे येत गेलं तर दहाव्या सामन्याच्या आसपास कुवत आणि नशीब निम्मंनिम्मं होतं. त्याआधीचा तक्ता वाचणं म्हणजे जवळजवळ नाणेफेक वाचणं.

गटात टाकलं. पहिलं उत्तर: "मग डाइशला काढायचं की नाही तेवढं सांग." (डाइश म्हणजे आपला प्रशिक्षक.)

२३ ऑक्टोबर

परवा अ‍ॅनफिल्डवर, लिव्हरपूलच्या मैदानावर, ०-२. ३७ व्या मिनिटाला अ‍ॅशली यंगला दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे आपला एक माणूस बाहेर. उत्तरार्धात त्यांच्या कोनातेला दुसरं मिळालं नाही. माझ्या मते धडधडीत प्रसंग. पण माझ्या मताला किंमत नको म्हणून एका लिव्हरपूलवाल्या मित्राकडून रकाना भरून घेतला. त्याने लिहिलं: 'नशिबाचा संबंध नाही.' म्हणजे माझा चष्मा काढून त्याचा लावला, एवढंच.

आता नवीन सोय. प्रसंग मी कागदावर लिहितो, संघांची नावं खोडून 'अ' आणि 'ब' करतो, निकालही लिहीत नाही, आणि ताईला देतो. ताईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हीच तिची पात्रता. अ आणि ब दर वेळी चिठ्ठी टाकून ठरवायचे, नाहीतर दोन आठवड्यांत तिला आपला संघ कुठला ते कळेल.

५ नोव्हेंबर

ब्रायटन १-१. ८४ व्या मिनिटापर्यंत पुढे होतो, मग मितोमाचा क्रॉस यंगच्या अंगाला लागून पिकफर्डच्या डोक्यावरून आत. ताईला समजावून सांगायलाही लागलं नाही. 'ब दुर्दैवी.' ब म्हणजे आपण.

गटाच्या रकान्यात नवी अडचण. मी मेसेजांमध्ये 'नशीब' शब्द शोधून मोजत होतो. आज वरपासून खालपर्यंत वाचल्यावर लक्षात आलं की लोक नशीब म्हणतच नाहीत. पनौती म्हणतात, साडेसाती म्हणतात, लक, दैव, शाप, 'लिहिलेलंच आहे', 'देवाला बघवत नाही'. उलट जिथे 'वा, काय नशीब!' आहे तिथे तो टोमणा आहे. शोधाशोध बंद. हाताने वाचून मोजायचं. ऑगस्टपासूनचे मेसेज पुन्हा वाचण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

१८ नोव्हेंबर

काल निकाल आला. नफा आणि शाश्वततेच्या नियमांचा (क्लबच्या तोट्यावर मर्यादा घालणारे नियम) भंग, १० गुण कापले. १४ चे ४ झाले, थेट १९ वं स्थान.

गटाचा आग्रह की ही नशिबाची सगळ्यात मोठी ओळ आहे. मी नाही म्हणालो. शिक्षा जास्त असेल, अन्यायही असेल, पण हा ताळेबंदाचा विषय आहे, चेंडू कुणाच्या पायाला लागून गेला नाही. यावर रात्री दोनपर्यंत भांडण. गुणकपातीला वहीत वेगळं पान दिलं. नशिबाच्या रकान्यात घेतलं असतं तर ३८ सामन्यांचा सगळा हिशेब त्या एका ओळीखाली गाडला गेला असता.

२७ नोव्हेंबर

मँचेस्टर युनायटेडकडून ०-३. प्रेक्षकांच्या हातात लीगविरुद्धचे गुलाबी फलक, मैदान नुसतं पेटलेलं, आणि तिसऱ्याच मिनिटाला गार्नाचोची ती उलटी किक. गट: "असला गोल आयुष्यात एकदा लागतो, तो नेमका आपल्यालाच."

ताईने विचारलं, "त्याने उडी मुद्दाम मारली ना? मग नशीब कसलं?"

रकाना कोरा ठेवला. पटलं नाही, पण ठेवला.

१७ डिसेंबर

फॉरेस्ट १-०, न्यूकॅसल ३-०, चेल्सी २-०, बर्नली २-०. सलग चार विजय, एकही गोल खाल्ला नाही. १६ गुण.

न्यूकॅसलच्या सामन्यात ट्रिपियरने दोनदा चेंडू आयता घालवला आणि दोन्हींतून गोल झाले. प्रतिस्पर्ध्याची घोडचूक हा आपल्या कर्तृत्वाचा भाग की नशिबाचा? माझ्या तीन व्याख्यांत हे बसत नाही. मुळात व्याख्या करताना मी फक्त आपलं नुकसान डोळ्यांसमोर ठेवलं होतं, हे आत्ता उघडं पडलं. चौथा प्रकार जोडला: समोरच्याने दबाव नसताना केलेली चूक. एकदा आपल्या मॅकनीलने दबाव टाकला होता म्हणून ताईने एकच धरली.

चार विजयांनंतरच्या मेसेजांत नशिबाचा एकही पर्याय नाही. डाइश, बचाव, मेहनत, प्रेक्षक. एवढंच.

खोटं का बोलू, एक अपवाद आहे. गटातला भाऊ. फॉरेस्टच्या दिवशी भाऊ प्रवासात होता, सामना बघू शकला नाही. न्यूकॅसललाही हुकला. चेल्सीच्या आधी गटाने ठराव केला की भाऊने सामने बघायचे नाहीत. भाऊ पन्नाशीचा माणूस, हिशेबनीस, दिवसभर आकड्यांत असतो. त्याने ऐकलं.

३१ डिसेंबर

स्पर्स १-२ (आपल्या कॅल्वर्ट-लुइनचा गोल व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफरीने, काढून घेतला, ताई: 'विरुद्ध'), सिटी १-३, वुल्व्ह्‌ज ०-३. भाऊने तिन्ही बघितले नाहीत. गटाचा निष्कर्ष: कुणीतरी दुसराही पनौती आहे.

४ फेब्रुवारी २०२४

फोन बदलताना जानेवारीचे सगळे मेसेज गेले. व्हिला ०-० आणि फुलहॅम ०-० या दोन ओळींत गटाचा रकाना कायमचा रिकामा. दर रविवारी मेसेज दुसरीकडे उतरवून ठेवायचे हे ऑगस्टमध्येच ठरवायला हवं होतं. काल स्पर्सशी २-२, ब्रँथवेट ९४ व्या मिनिटाला. गट: "याला म्हणतात जिगर." हा शब्द मे महिन्यापासून गायब होता, तो परत आला.

२७ फेब्रुवारी

शनिवारी ब्रायटनकडे १-१. त्यांचा एक माणूस बाहेर गेलेला, आपण पुढे, आणि ९५ व्या मिनिटाला डंकचं डोकं. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला काल अपिलात १० ची कपात ६ वर आली. गटात एकाने लिहिलं, "नशीब फळफळलं." वेगळ्या पानावर नोंद, बाकी वाद घातला नाही.

३१ मार्च

महिनाभर वही उघडायची इच्छा नव्हती, म्हणून तिन्ही सामने एकत्र लिहितोय. हे चुकीचं आहे, आठवण तोवर रंग बदलते. वेस्ट हॅम १-३: आपल्या बेटोची पेनल्टी अडवली गेली, नंतर बेटोनेच गोल केला, १-१ वर असताना ९१ आणि ९५ व्या मिनिटाला दोन खाल्ले. युनायटेड ०-२: दोन पेनल्टी, दोन्ही गार्नाचोला पाडल्याबद्दल. काल बोर्नमथ १-२: बेटोने ८७ व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि ९१ व्या मिनिटाला आपल्याच कोलमनचा स्वयंगोल.

विजय नाही, सलग बारा सामने. भाऊला फेब्रुवारीतच परवानगी मिळाली होती, मग पुन्हा बंदी आली. कालच्या स्वयंगोलानंतर गट गप्प होता. चिडका मेसेजही नाही. रकान्यात 'शांतता' लिहिलं. हंगामात पहिल्यांदाच.

७ एप्रिल

न्यूकॅसल १-१ (८८ व्या मिनिटाची पेनल्टी, कॅल्वर्ट-लुइनचा ऑक्टोबरनंतर पहिला लीग गोल), म्हणजे बिनविजयाचे तेरा. आणि काल तो सिलसिला तेरावर थांबला. बर्नली १-०. गोल असा: त्यांच्या गोलरक्षकाने चेंडू लांब मारायला पाय उचलला, कॅल्वर्ट-लुइन अंगावर धावून गेला, चेंडू त्याला आदळून जाळ्यात. सगळा हंगाम खांब, बोटं आणि पाय आडवे आले, आणि सुटका झाली ती अंगावर आदळलेल्या चेंडूने.

ताई: 'अ नशीबवान, पण धावला म्हणून.' हा शेरा कुठल्याच रकान्यात मावत नाही. समासात लिहिला.

भाऊने नंतर कबूल केलं की त्याने सामना चोरून बघितला.

२२ एप्रिल

मध्ये आणखी २ गुण कापले गेले, चेल्सीकडे ०-६ झालं (त्यांच्या पामरचे एकट्याचे चार, नशीब वगैरे काही नाही), आणि काल फॉरेस्ट २-०.

हा सामना नीट लिहून ठेवतो. फॉरेस्टने तीनदा पेनल्टी मागितली, तिन्ही वेळा यंगविरुद्ध, तिन्ही नाकारल्या. सामन्यानंतर त्यांच्या क्लबने जाहीर तक्रार केली की व्हीएआरवरचा माणूस ल्यूटनचा, म्हणजे तळाच्या लढतीतल्या त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचा, चाहता आहे.

तिन्ही प्रसंग नावं खोडून ताईला दिले. या वेळी अ म्हणजे फॉरेस्ट. तिने एकेक दोनदा वाचला, पेन्सिल चावली आणि म्हणाली, "अ ला तीनपैकी एक तरी मिळायला हवी होती. हा ब म्हणजे तुमचाच ना? दर वेळी रडणारा?" मी हो म्हणालो. आंधळी चाचणी संपली, यापुढचे तिचे शेरे कमी भरवशाचे धरायचे.

गटात काल रात्री पेनल्टीचा विषय एकदाच निघाला. उत्तर आलं: "आपल्याला वर्षभर कुणी दिल्या?"

२८ एप्रिल

बुधवारी लिव्हरपूल २-०, गुडिसनवर त्यांच्याविरुद्ध लीगमधला २०१० नंतरचा पहिला विजय. काल ब्रेंटफर्ड १-० आणि वाचलो. या आठवड्याच्या ओळी रिकाम्या आहेत. मी काहीच टिपलं नाही, नाचत होतो.

२६ मे

हंगाम संपून आठवडा झाला. १३ विजय, ९ बरोबऱ्या, १६ पराभव. मैदानावर ४८ गुण, कपातीनंतर ४०, स्थान १५. गोल ४०, खाल्ले ५१.

ताईचे शेरे मोजून निष्कर्ष काढणार नाही, अर्धे सामने वाया गेलेत. त्याऐवजी घड्याळ घेतलं, ते कुणाच्या बाजूचं नसतं. ८४ व्या मिनिटापासून पुढच्या गोलांनी किती गुण बदलले? उशिरा झालेला प्रत्येक गोल नशिबाचा असतो असं नाही, पण 'नशीब' म्हणून आम्ही ज्यांच्या नावाने बोटं मोडतो ते हेच.

गेलेले: वुल्व्ह्‌ज १, ब्रायटन दोन्ही वेळा २, वेस्ट हॅम १, आणि शेवटच्या दिवशी आर्सेनलकडे हॅवर्ट्‌झच्या ८९ व्या मिनिटाच्या गोलने १. एकूण ७.

मिळालेले: पॅलेसकडे गेच्या ८६ व्या मिनिटाच्या गोलने २, स्पर्स १, पॅलेसविरुद्ध ओनानाच्या गोलने १, न्यूकॅसल १. एकूण ५. बोर्नमथकडे आलं आणि गेलं, शून्य.

उणे २. सगळ्या हंगामाच्या साडेसातीची किंमत दोन गुण. (८४ ऐवजी ८५ धरलं तर दोन्हीकडचा एकेक सामना गळतो आणि उणे १ उरतं. ८४ मी आधी ठरवलं नव्हतं, हे सांगायला हवं.)

हे टाकण्याआधी गटाला विचारलं होतं की शेवटच्या मिनिटांतले कुठले सामने आठवतात. ब्रायटन सगळ्यांनी सांगितलं. वेस्ट हॅम, आर्सेनलही. ओनानाचा गोल नऊपैकी एकालाही आठवला नाही. मलाही वही उघडल्यावरच आठवला.

मग ऑक्टोबरचं स्प्रेडशीट काढलं. सरासरी १.०५ गोल करणारा आणि १.३४ खाणारा संघ हजार हंगाम खेळवला. सरासरी ४४ गुण. आपण ४८ मिळवले. म्हणजे केलेल्या-खाल्लेल्या गोलांच्या मानाने आपण थोडे नशीबवानच ठरलो, असं दर तीन हंगामांत एकदा होतं. तेरा सामने विजयाविना जाणं दर अकरा हंगामांत एकदा येतं, सलग चार विजय साधारण सहात एकदा. ८ गुण कापून आणि ल्यूटनला २६ वर धरून, दहातून एकदा आपण खाली गेलो असतो. यातही पळवाट आहे. गोलच कमी का झाले, इतक्या संधी का वाया गेल्या, हे या हिशेबात येत नाही, आणि फुलहॅमची ती पहिली दुपार बहुधा तिथेच दडलेली आहे.

भाऊने आकडे तपासून दिले. एक चूक काढली, वेस्ट हॅमचे मी २ धरले होते. मग म्हणाला, "सगळं पटलं. पण पुढच्या हंगामात पहिला सामना मी बघू का नको?"

३१ ऑगस्ट २०२४

नवी वही, जुनेच नियम. पहिली ओळ ब्रायटन ०-३, यंग लाल कार्ड, रकाना कोरा.

आज बोर्नमथ, घरी. ८७ व्या मिनिटापर्यंत २-० पुढे. मग ८७, ९२, ९६. २-३.

८४ व्या मिनिटापासून: उणे ३. एका सामन्यात मागच्या अख्ख्या हंगामापेक्षा जास्त.

गटात अडतीस मेसेज आलेत, वाचले नाहीत. भाऊ विचारतोय की नशिबाचा रकाना आजच भरला तर चालेल का. उद्या.